उशिराचा निवाडा

गुढीपाडव्याच्या अगोदर आमच्या वारूळवाडी-नारायणगावच्या परिसरात तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात, आणि यात्रेची सुपारी देण्यास आलेले गावोगावचे कारभारी, गतसाली वग कोठे रेंगाळला याचा पाढा वाचून, दरात घासाघीस करून, मगच इसाराची रक्कम मोजतात. अशा रोखठोक समीक्षेच्या शेजारी राहणाऱ्या मला मुंबईच्या ‘ॲटॉमिक फॉरेस्ट’ या रॉक वाद्यवृंदाचे प्राक्तन विलक्षण वाटते. त्यांची पहिली आणि एकमेव तबकडी, ‘ऑब्सेशन ७७’, सत्तरच्या दशकात ध्वनिमुद्रित झाली. ती विस्मृतीत गेली, पुढे विदेशी संग्राहकांच्या हाती लागली, आणि २०११ साली अमेरिकेतील ‘नाऊ-अगेन’ या तबकडी-कंपनीने तिचे पुनर्मुद्रण केल्यावर तिच्यावर स्तुतीचा वर्षाव झाला. त्या स्तुतीपैकी दुर्मिळतेच्या खात्यावर किती आणि वादनाच्या खात्यावर किती जमा धरावी, हा प्रश्न मला (किंचित मत्सराने म्हणा) सतावतो. कारण तबकडीत, जिमी हेंड्रिक्सच्या गीतासह, उसनवारी मुबलक आहे. शीर्षकरचनेतील, वृंदाचे गिटारवादक नील चट्टोपाध्याय यांची गिटार मात्र उसनी नाही, आणि ती ऐकू येण्यास २०११ सालापर्यंत थांबण्याचे काहीच कारण नव्हते.