पोलादावरचा व्हर्जन नंबर

एम१ गॅरंड या जुन्या अमेरिकन लष्करी रायफलच्या बोल्टवर 'डी२८२८७-१२एसए' असं काहीतरी कोरलेलं असतं. २८२८७ हा आराखड्याचा क्रमांक, १२ त्याची सुधारित आवृत्ती, एसए म्हणजे स्प्रिंगफील्ड आर्मरी. पोलादावरचा व्हर्जन नंबरच की! दिवसभर कोड लिहिणाऱ्या मला हे भारी आवडलं.

रायफलचा स्वतःचा क्रमांक मात्र फक्त रिसीव्हरवर. बाकीचे भाग कुणाचेही कुणाला बसणारे. महायुद्धानंतर लष्करी शस्त्रागारांत गॅरंड खोलून दुरुस्त केल्या, तेव्हा त्यांची सरमिसळ झाली. अमेरिकेतल्या माझ्या सहकाऱ्याच्या गॅरंडचा रिसीव्हर १९४३चा आहे. बोल्ट मागे ओढला की नळीच्या उजव्या बाजूला दिसतं १९५२. तिच्या ऑपरेटिंग रॉडला गोलसर खाच आहे. युद्धकाळातल्या रॉडच्या काटकोनी कोपऱ्यात तडे जायचे, म्हणून ती नंतर पाडली.

त्याला आता १९४३चेच भाग मिळवून रायफल 'करेक्ट' करायचीय. संग्राहकांचाच शब्द. मला विचाराल तर ही कमिट हिस्टरी खोडून नवी, खोटी लिहिणं आहे. तो ऐकत नाहीये. निदान नळी उतरवण्याआधी फोटो काढून ठेव, एवढं मात्र कबूल करून घेतलंय.