मंदाग्नि

वैद्यकांत 'मंदाग्नि' हा एक विकार मानला आहे. जठरांतील अग्नि मंद झाला कीं अन्न पचेनासें होतें, अरुचि उत्पन्न होते आणि मनुष्य झुरूं लागतो, असें आम्ही लहानपणापासून ऐकत आलों. चाळीस वर्षें शाळेंत शिकवितांना मींही हा शब्द त्याच अर्थानें सांगितला. परंतु अग्नि जठरांतून काढून चुलींत ठेवला म्हणजे तोच मंदपणा गुण कसा ठरतो, हें मला वयाच्या सदुसष्टाव्या वर्षीं समजलें; आणि तें समजावून घेण्यासाठीं एक चिनी मातीचें भांडें व माझी स्वतःची पत्नी, असे दोन गुरु करावे लागले. त्याची हकीकत येथें सांगणार आहे. स्वयंपाकघरांतील गोष्टी एका जुन्या मॅट्रिक मास्तरानें लिहाव्या, हें पाहून भगिनीवर्गास हसूं आलें तर त्यांनीं खुशाल हसावें. आमच्या घरांत तें आधींच होऊन गेलें आहे.

आमचें मूळ गांव इंदापूर तालुक्यांत, भीमेच्या कांठीं. १९८० सालीं उजनीचें धरण पुरें झालें आणि आमच्यासारख्या अनेकांचीं जुनीं घरें पाण्याखालीं गेलीं. उन्हाळ्यांत पाणी फार ओसरलें म्हणजे पळसदेवचें जुनें देऊळ वर दिसूं लागतें. आमच्या घराचें जोतें मात्र पुन्हां दिसलें नाहीं. पुढें नोकरी संपल्यावर आम्ही मोरोपंतांच्या बारामतींत स्थायिक झालों. घरांत दहा पानें वाढलीं जातात: आम्ही दोघें, आत्या, धाकटे बंधु व भावजय, त्यांचा मुलगा, माझा थोरला मुलगा, सूनबाई आणि दोन नातवंडें. धाकटा मुलगा अमेरिकेंत असतो. या सर्व पसाऱ्याचा कणा म्हणजे माझी पत्नी. तिच्या हातून पळी खालीं पडेल, असें कोणाच्या स्वप्नींही नव्हतें.

दोन वर्षांपूर्वीं ती पडली. पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा अर्धी राहिली आणि गिळण्याची शक्ति क्षीण झाली. डॉक्टरांनीं बजावलें, "पाण्यासारखें पातळ देऊं नका; तें श्वासनलिकेंत उतरून ठसका लागेल. घट्ट, मऊ, एकजीव, गुठळी नसलेलें अन्न द्या. मीठ जपून." ही आज्ञा ऐकण्यास सोपी, परंतु तीन महिने सकाळ-सायंकाळ मऊ भाताची पेज आणि वरणाचा गोळा समोर आल्यावर तिनें तोंड मिटून घेतलें. तिचें वजन उतरूं लागलें. सून एका महाविद्यालयांत शिकविते, ती सकाळीं सातला बाहेर पडते. भावजयीचे गुडघे दुखतात. आत्या अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या. घरांत रिकामा असा मीच. आणि मला चहा करण्यापलीकडे कांहीं येत नव्हतें.

'सूपकार' शब्दाचा विग्रह मीं शेंकडों मुलांकडून घोकून घेतला होता. विराटाच्या घरीं बल्लव होऊन राहिलेल्या भीमाची गोष्ट तर वर्गाची आवडती. संस्कृतांत 'सूप' म्हणजे डाळीचें वरण. इंग्रजांचा सूप वेगळ्या मुळापासून आलेला आहे, दोहोंचें साम्य केवळ योगायोगाचें. त्याउलट 'यूष' म्हणजे कढण. तो मात्र लॅटिन भाषेंतील 'यूस' या शब्दाचा सख्खा भाऊ आणि आजच्या 'ज्यूस' शब्दाचा चुलता. एवढें सर्व मला ठाऊक होतें. पण बटाटा शिजण्यास किती वेळ लागतो, हें ठाऊक नव्हतें.

त्याच सुमारास धाकटा मुलगा आईस पाहण्यास आला, तो आपल्या घरांतील एक विजेचें भांडें घेऊनच. बाहेरून डब्यासारखें, आंत जाड चिनी मातीचें खोलगट पात्र, वर कांचेचें झांकण. पात्राच्या सभोंवार विजेची तार असते; ती हळूहळू तापते, आणि एका दिव्याला किंवा दोनतीन मोठ्या दिव्यांना लागावी इतक्या थोड्या विजेवर सहा-सात तासांत अन्न शिजतें. त्यास ते लोक 'स्लो कुकर' म्हणतात. अमेरिकेंतील वीज एकशेंवीस व्होल्टची, आपली दोनशेंतीसची. म्हणून त्यास एक जड ट्रान्स्फॉर्मर जोडावा लागला. तो ओट्यावर पाहून आत्या म्हणाल्या, "हा कोण नवा पाहुणा?"

या भांड्याचा इतिहास चित्तवेधक आहे. तें काढणारा आयर्विंग नॅक्सन हा यहुदी. त्यास १९४० सालीं पेटंट मिळालें. त्याची आई लिथुआनियांतील. यहुदी धर्मांत शनिवारीं अग्नि पेटविणें निषिद्ध. म्हणून शुक्रवारीं सूर्यास्तापूर्वीं कडधान्यें व भाज्या यांचें भांडें भट्टींत ठेवीत, आणि भट्टीच्या ओसरत्या उष्णतेवर तें रात्रभर शिजत राही. ही गोष्ट आईनें मुलास सांगितली आणि त्यांतून हें यंत्र निघालें. पुढें १९७१ सालीं 'क्रॉक-पॉट' या नांवानें तें घरोघर झालें. आपल्याला हा धर्म परका नाहीं. कोंकणांतील बेने इस्रायल मंडळी मराठी बोलत, तेलाचे घाणे चालवीत, आणि शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांस 'शनिवार तेली' म्हणत. तसेंच १९१० सालीं कलकत्त्याचे डॉक्टर इंदुमाधव मल्लिक यांनीं 'इकमिक कुकर' काढला. त्यांतही तळाशीं कोळसे आणि वर डब्यांची उतरंड, सारें वाफेवर सावकाश. म्हणजे मंद अग्नीची गरज सर्व देशांच्या घरांस होती.

मुलानें जातांना एक कृति लिहून दिली होती: बटाटे, कांदा, दूध व चीज यांचें दाट सूप. डॉक्टरांस विचारलें, ते म्हणाले, "गाळून द्या, चालेल." दुसऱ्याच दिवशीं सर्व बाहेर पडल्यावर मीं कंबर कसली. बटाट्याच्या मोठ्या फोडी, कांदा, दूध, किसलेलें चीज, आणि रुचीसाठीं माझ्या बुद्धीचे दोन टोमॅटो, असें सारें एकदम ओतलें व कळ दाबली. शिजतें कीं नाहीं या काळजीनें दर अर्ध्या तासानें झांकण काढून ढवळलें. दुपारीं एक वाजतां पाहिलें तों खालीं बटाटे टणक, वर चीजचे दोरे, आणि मध्यें फाटलेलें दूध. मला एकदम आमिक्षा व वाजिन आठवले. तापल्या दुधांत दहीं घातलें असतां जो घन भाग निघतो ती आमिक्षा, आणि उरलेलें पाणी तें वाजिन. वैश्वदेव पर्वांत विश्वेदेवांस आमिक्षा व वाजींस वाजिन असें याज्ञिक सांगतात. येथें दोन्ही सिद्ध झालीं होतीं. खाणारा देव मात्र कोणी नव्हता.

मीं तें भांडें पत्नीच्या खाटेपाशीं नेऊन दाखविलें. तिनें आंत डोकावून पाहिलें आणि ती हसली. तोंडाची एकच बाजू हसली. पण आजारानंतर तें पहिलेंच हसणें. मग डाव्या हातानें झांकण दाबून धरल्याची खूण करीत तिनें प्रयासानें एकच शब्द उच्चारला: "वैल."

आजच्या मुलींस कदाचित् हा शब्द ठाऊक नसेल. चुलीच्या मुख्य तोंडाशेजारीं जी लहान जागा असते, जेथें जाळ न पोहोंचतां केवळ ऊब पोहोंचते, तो वैल. आमच्या जुन्या घरीं तिनें पहिलीं कित्येक वर्षें चुलीवरच रांधलें. भात उतरला कीं वैलावर. दूध सकाळीं गोवरीच्या विस्तवावर ठेवावें, तें दुपारपर्यंत तांबूस व्हावें आणि वर बोटभर साय यावी. कुळथाचें कढण तेथें, आमटी तेथें. त्या वैलाकडे ती सारा दिवस लक्ष ठेवी, पण हात लावीत नसे. झांकण उघडलें कीं ऊब जाते, हें तिला कोणी शिकविलें नव्हतें. माझ्या भांड्याबरोबर आलेल्या पुस्तिकेंत मात्र तेंच छापलें होतें.

मग रोज सकाळीं मीं तिची खुर्ची स्वयंपाकघरांत आणूं लागलों. ती खुणेनें सांगे, मी करीं. चार-पांच खेपांनंतर जी कृति बसली ती अशी. अर्धा किलो बटाटे सोलून बोराएवढ्या फोडी कराव्या. एक कांदा बारीक चिरून थोड्या तुपावर परतून घ्यावा. दोन्हीं पात्रांत घालून वर पाऊण लिटर उकळतें पाणी ओतावें, चिमूटभर जिरेपूड व मिरपूड टाकावी, झांकण लावावें, आणि मंद आंचेवर सहा-सात तास त्याकडे पाहूं नये. टोमॅटो, चिंच, आमसूल यांपैकीं कांहीं घालूं नये. आंबटानें बटाटा मऊ होण्यास अडतो आणि पुढें दूध फाटतें. बटाटे बोटानें चेपले गेले कीं रवीनें घुसळून चाळणींतून गाळावे. मग एक पेला गरम दूध घालावें, आणि अगदीं शेवटीं शंभर ग्रॅम किसलेलें चीज मूठमूठ सोडावें. दहा मिनिटांत तें विरतें. त्यापुढें आंच बंद. चीजमध्यें मीठ असतेंच, म्हणून वेगळें मीठ नाहीं. वीज जाऊन दोन-चार तास गेले तर तें अन्न टाकून द्यावें. कोमट अन्नांत विकार वाढतो. राजम्यासारखें कडधान्य या भांड्यांत घालावयाचें तर आधीं तें वेगळें खळखळून उकळून घ्यावें. मंद आंचेवर त्यांतील विष जात नाहीं.

चीज शेवटींच कां, हें मला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें समजाविलें. तो दुग्धव्यवसायांत आहे. दुधांतील प्रथिनांस फार वेळ उष्णता लागली कीं तीं आकसतात, आणि तूप व पाणी वेगळें पडतें. डब्यांतील प्रक्रिया केलेल्या चीजमध्यें कांहीं क्षार मिसळलेले असतात, म्हणून तें निमूटपणें विरतें. ही युक्ति १९११ च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्यें निघाली.

परंतु खरा अडसर पुढेंच होता. आत्यांनीं कोठेंसें ऐकलें होतें कीं चीज वासराच्या पोटांतील वस्तु घालून करतात. त्यांनीं शांतपणें विचारलें, "आपल्या चुलीवर हें काय आणलंस?" मी निरुत्तर झालों, कारण गोष्ट खोटी नव्हती. युरोपांत पूर्वापार दूध गोठविण्यास वासराच्या चौथ्या जठरांतील 'रेनेट' वापरीत आले आहेत. पुन्हां तोच विद्यार्थी उपयोगीं पडला. त्यानें सांगितलें कीं सूक्ष्म जंतूंपासून किंवा बुरशीपासून तसाच विरजक पदार्थ आतां तयार होतो. आणि डब्यावर हिरव्या ठिपक्याची शाकाहारी खूण असेल तर प्राणिज रेनेट त्यांत नाहीं असें समजावें. आपल्याकडे वनस्पतीचाही उपाय जुना आहे. अश्वगंधेच्या कुळांतील 'पनीरबंध' या झाडाच्या फळांनीं दूध गोठतें. मीं डबा आत्यांपुढें ठेवून हिरवा ठिपका दाखविला. त्यांनीं चष्मा लावून तो पाहिला आणि म्हणाल्या, "तिला दे. मला नको." त्यांच्यासाठीं आतां आधींच वेगळें काढून ठेवितों: कांदा व चीज यांविना, जिरें, तूप व दाण्याचें कूट घातलेलें. एकादशीलाही तें चालतें. दक्षिण अमेरिकेच्या डोंगरांत जन्मलेला, पोर्तुगीजांनीं आणलेला आणि त्यांचेंच नांव धारण करणारा बटाटा आपल्या उपवासांत बसला. मग चीजची पायरी आत्यांनीं ओलांडली नाहीं म्हणून त्यांस हट्टी म्हणण्याचा मला अधिकार नाहीं.

चीज आणण्यास मात्र मला दूर जावें लागत नाहीं. १८८५ सालीं निरेचा डावा कालवा आला आणि या कोरड्या मुलखांत ऊस व चारा पिकूं लागला. चाऱ्यामागून जनावरें आलीं, जनावरांमागून दूध. आज बारामती व इंदापूर या दोन्ही तालुक्यांत दुधाचे मोठे कारखाने आहेत, आणि बारामतीच्या औद्योगिक वसाहतींत चीज तयार होऊन देशभर जातें. माझ्या लहानपणीं ज्या गांवांत पाहुण्याच्या चहापुरतें दूध शेजारून मागावें लागे, तेथील ही स्थिति आहे.

आतां मूळ गोष्ट. त्या खुर्चीशेजारीं बसून सात-सात तास एका भांड्याची वाट पाहतांना मला एक जुनें वाक्य वारंवार आठवे. शाळेंतून दमून आल्यावर जेवण तयार नसलें कीं मी म्हणत असें, "दिवसभर घरांत तुला काम तरी काय असतं?" ती कधीं उत्तर देत नसे, वैलावरचें भांडें उतरून पान वाढी. तें वाक्य मीं एकदां नव्हे, अनेक वर्षें म्हटलें आहे. दिवसभर काय काम असतें, हें त्या काळीं वैलावरच शिजत होतें, आणि मी तें रोज दोन वेळां खात होतों. एके दुपारीं मीं तिला हें बोलून दाखविलें. आतां तिच्यापाशीं उत्तर देण्यापुरती वाचाही नव्हती, म्हणून मला अधिकच लाज वाटली. तिनें डावा हात माझ्या मनगटावर ठेवला. आणि मी तेवढ्यांत झांकणाकडे हात नेला होता, तो बाजूस सारला.

वर्षभरांत तिचें वजन तीन किलोनें वाढलें आहे. डॉक्टर गिळण्याबद्दल समाधान व्यक्त करतात. हात आला नाहीं. वाचा थोडी आली आहे. परवां मीं वाटींत सूप काढून पहिला चमचा दिला. तिनें तो तोंडांत घोळविला, सावकाश गिळला आणि स्पष्टपणें म्हणाली, "मीठ कमी आहे."

चाळीस वर्षांत तिच्या आमटीविषयीं हेच शब्द मीं किती वेळां उच्चारले असतील, त्याची गणती नाहीं. डॉक्टरांची आज्ञा आहे, असें तिला सांगतां आलें असतें. मीं कांहीं न बोलतां दुसरा चमचा भरला.