बिनवायरीची पिचकारी

गेल्या दिवाळीपासून नात्यातल्या निदान चौघांनी मला एकच प्रश्न विचारलाय. "ते बॅटरीवरचं प्रेशर वॉशर घ्यावं का रे?" भाच्याने आणलेलं यंत्र माझ्या हातात पडलं आणि मी ते पुण्याच्या फ्लॅटमध्ये आणि कोकणातल्या घरी, दोन्हीकडे वापरलं, एवढीच माझी पात्रता. पण प्रत्येकाला फोनवर वेगळं सांगण्यापेक्षा इथेच एकदा लिहून टाकतो.

आधी थोडं गणित. (कंटाळा येणाऱ्यांनी पुढचा परिच्छेद सोडून द्यावा, मी रागावणार नाही.)

गच्चीवरच्या टाकीतून खालच्या नळाला मिळणारा दाब दर दहा मीटर उंचीला साधारण १ बार. म्हणजे एकमजली घरात पाव-अर्धा बार. बॅटरीवरची बरी यंत्रं २० ते २५ बार दाब देतात आणि मिनिटाला जेमतेम २ लिटर पाणी सोडतात. सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी धुतात तसली, पण घरगुती आकाराची वायरवाली यंत्रं १०० बारच्या पुढे जातात, पाणीही मिनिटाला पाच-सहा लिटर टाकतात आणि वीज १४०० वॉटच्या आसपास खातात. एवढी ताकद मुठीएवढ्या बॅटरीतून कुठून यायची? २० व्होल्ट, २ अँपिअर-अवर म्हणजे चाळीसेक वॉट-अवर. पंधरा-वीस मिनिटं चालते, मग घ्या चार्जिंगला. म्हणजे एका चार्जिंगमध्ये दोन बादल्या पाणी संपतं. पुढचा सगळा निकाल या दोन बादल्यांतच आहे. स्वस्तातल्या यंत्रांवर ४८ नाहीतर ८८ असे दणदणीत आकडे छापलेले असतात. आत लिथियमचे पाच सेल ओळीने जोडलेले असतील, तर पूर्ण चार्जला होतात २१ व्होल्ट. बाकीचे व्होल्ट स्टिकरचे.

आता फ्लॅटचं. डासांच्या जाळ्यांना हे यंत्र उत्तम. वर्षभराची धूळ दोन मिनिटांत खाली येते, जाळी फाटत नाही. सरकत्या खिडक्यांच्या खाचा, जिथे बोट जात नाही आणि टूथब्रश घेऊन बसावं लागतं, तिथेही छान. ग्रिल, कुंड्या, पायपुसणी, स्कूटरच्या मडगार्डखालचा चिखल, सगळं पास. पाइपने स्कूटर धुतली की शंभर लिटर पाणी कधी गेलं कळत नाही, इथे एका बादलीत भागतं. मे महिन्यात टँकर मागवणाऱ्या सोसायटीत राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

स्वयंपाकघरात मात्र शून्य मार्क. एक्झॉस्ट पंख्यावरची चिकट काजळी गार पाण्याच्या फवाऱ्याला दाद देत नाही, ती फक्त समोरच्या फरशांवर उडते. तिथे गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि मनगट. (उकळतं पाणी यंत्रात ओतायचा विचार मनात आलाच तर सोडून द्या, आतल्या पंपाला ते झेपत नाही.) आणि गॅलरीत वापरणार असाल तर खालच्या मजल्यावरच्या वहिनींचे कपडे वाळत नाहीत ना, ते आधी बघा. शेजारधर्म २२ बारला टिकत नाही.

खरी परीक्षा कोकणात. आमच्या घरापासून खाली वाडीच्या रस्त्यापर्यंत पाखाडी आहे. जांभ्याच्या चिऱ्यांच्या चौदा पायऱ्या, वरून फणसाची सावली. आषाढात त्यांच्यावर शेवाळ धरायला लागतं आणि श्रावणात त्या साबण लावल्यासारख्या होतात. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. रोज सकाळी फुलांची परडी घेऊन ती त्या पायऱ्या उतरते, कारण चांगली जास्वंद खाली आहे. पुण्याला ये म्हटलं की "बघू गणपती झाल्यावर" म्हणते. कुठले गणपती ते कधी सांगत नाही.

भाच्याने यंत्र आणलं ते खरं म्हणजे या पायऱ्यांसाठी. तिथे त्याचे दोन गुण लगेच दिसले. एक, नळ लागत नाही. विहिरीचं पाणी बादलीत काढलं, नळी त्यात सोडली की ते पाणी ओढून घेतं. दोन, भर पावसात ओल्या अंगणात वायर ओढत न्यावी लागत नाही. जुन्या घरांच्या अर्थिंगचा काय भरवसा? आणि लाइट तर श्रावणात पाहुण्यासारखीच असते.

पण शेवाळ? पहिल्या पायरीवरून हिरवा लगदा असा ओघळला की आम्ही टाळ्या वाजवायच्या बाकी होतो. चौथ्या पायरीला बॅटरी संपली. तासाभराने पुन्हा सुरू. संध्याकाळपर्यंत चौदा झाल्या. दहा दिवसांनी आईचा फोन, "परत हिरवं दिसतंय हो." साहजिक आहे. जांभा भोकाभोकांचा. फवारा वरचा बुळबुळीत थर काढतो, भोकांत दडलेलं तसंच राहतं, आणि पाऊस काही थांबलेला नसतो. मोठं वायरवालं यंत्र आणलं तर शेवाळाबरोबर चिऱ्याची तांबडी भुकटी आणि सांध्यातला चुनाही निघायचा. म्हणजे भोकं आणखी मोठी.

तिथे कामाला येते ती ब्लीचिंग पावडर, विहिरीत टाकतात तीच. ओल्या पायरीवर भुरभुरायची, पंधरा-वीस मिनिटं ठेवायची, मग कडक खराट्याने घासून धुवायचं. उघडीप बघून करायचं, झाडांच्या मुळांशी पाणी जाऊ द्यायचं नाही, आणि संडास धुवायच्या अ‍ॅसिडशी तिची गाठ कधीही घालायची नाही, विषारी वायू होतो. शेवटी धुवायला यंत्र बरं, पण ते काम तांब्यानेही होतं.

आम्ही लांब राहणारी मुलं. काळजी वाटली की काहीतरी विकत घेतो. बीपीचं मशीन, पडवीतला कॅमेरा, आता हे. पायऱ्या मात्र आहेत तिथेच असतात. यंदा पावसाआधी गवंड्याला बोलावलं. पाट्याला टाकी लावतात तशा त्याने प्रत्येक पायरीला आडव्या खाचा मारल्या, फणसाची एक फांदी उतरवून ऊन खाली येऊ दिलं आणि एका बाजूला लोखंडी पाइपचा कठडा बसवला. कठडा आईला अजिबात पसंत नव्हता, "दवाखान्यासारखं दिसतं" म्हणाली. शेजारच्या काकू सांगतात, आता धरून उतरते. आमच्यासमोर धरत नाही.

यंत्र सध्या तिच्याकडेच आहे. भाजीच्या वाफ्यांवरून आलेल्या चपला आणि पंपाची जाळी धुवायला वापरते म्हणे. मागच्या आठवड्यात फोन आला, चार्ज झाल्यावर जो हिरवा दिवा लागतो, तो रात्रभर डोळ्यांवर येतो, त्यावर फडकं टाकलं तर चालेल का?