कोड कुणाचा, भरवसा कुणावर?

दिंडोशीच्या आयटी पार्कमध्ये काम करणाऱ्या मित्राशी आज पुन्हा वाद झाला. त्याचं म्हणणं, ज्याला पैसे मोजले त्याच्याच प्रणालीवर भरवसा ठेवावा. बिघडलं तर जाब विचारता येतो. मला हे पटत नाही. 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइक या सायबरसुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे 85 लाख विंडोज संगणक बंद पाडले. आपल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहावे लागले. त्याच वर्षी मार्चमध्ये लिनक्सवरच्या एक्सझेड या साधनात कुणीतरी पेरलेली चोरवाट उघडकीस आली. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनमधला अर्ध्या सेकंदाचा उशीर खटकला, आणि कोड खुला असल्यामुळे त्याला मुळापर्यंत जाता आलं. चोरवाट शिरली तीही खुल्या कोडमध्येच, हे मित्राने ऐकवलं. ते खरं आहे.

पण हक्काचं काय? आपला 1957 चा कॉपीराइट कायदा संगणक प्रोग्रामला साहित्यकृती मानतो. म्हणजे कर्त्याच्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षं संरक्षण. कादंबरीला ते शोभतं. 2015 साली आलेल्या विंडोज 10 चे नियमित सुरक्षा अपडेट मात्र 14 ऑक्टोबर 2025 लाच थांबले. ज्याने बनवलं त्याने सोडून दिलं, तरी दुसऱ्या कुणी दुरुस्त करायचं नाही, हा मला उघड अन्याय वाटतो. जिल्हा न्यायालयांची खटल्यांच्या नोंदी ठेवणारी सीआयएस प्रणाली सरकारच्या राष्ट्रीय माहितीविज्ञान केंद्राच्या (एनआयसी) पुणे शाखेने मुक्त सॉफ्टवेअरवर उभी केली आहे, म्हणजे दुसरी वाट आहे. कंपनीने सांभाळणं थांबवलं की कोड खुला झालाच पाहिजे, असं कलम कॉपीराइट कायद्यात यायला हवं.