मुक्कामाची जागा

पस्तीस वर्षे बँकेत काढल्यामुळे एक सवय अंगात मुरली आहे. कर्जाचा अर्ज कितीही नीटनेटका असो, गोदाम प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय सही करायची नाही. निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली तरी आप्तेष्ट ही सवय विसरलेले नाहीत. विवाहाचे मंगल कार्यालय असो वा नव्या दुकानाचा गाळा, ‘काका, एकदा बघून या’ असा निरोप येतोच. गेल्या कार्तिकी पौर्णिमेनंतर असाच एक निरोप आला, पण काम निराळे होते.

आमच्या नाशिकच्या आठ व्यापारी कुटुंबांतील वडिलांनी ठरवले, की आपापल्या मुलांना घेऊन दोन दिवस, एक रात्र कुठेतरी तंबूत राहायचे. मुले तेरा ते सतरा वयाची, एकूण अकरा. त्यांत तीन मुली. आया येणार नाहीत, आजी-आजोबा येणार नाहीत आणि सोबत आचारीही नाही. कल्पना माझ्या मुलाची. तो आणि नववीतला त्याचा मुलगा एका छताखाली राहून दिवसेंदिवस एकमेकांशी चार वाक्यांपलीकडे बोलत नाहीत, हे घरातल्या सगळ्यांना दिसत होते. इतर सात घरांतही थोड्याफार फरकाने हेच चित्र. सकाळी मुले उठण्याच्या गडबडीत वडील दुकानात, आणि रात्री वडील येतात तेव्हा मुले पडद्याकडे तोंड करून बसलेली. त्यामुळे जागा चुकली तर एक सहल वाया जाईल एवढाच हिशेब नव्हता. पुढच्या वर्षी ही मुले ‘तुम्ही जा, आम्ही येत नाही’ असे म्हणणार, हे उघड होते.

ज्येष्ठांची पहिली सूचना मांगीतुंगीची. बागलाणातल्या त्या डोंगरावर २०१६ साली भगवान ऋषभदेवांची १०८ फूट उंचीची मूर्ती प्रतिष्ठापित झाली. धर्मशाळा आहे, भोजनाची चिंता नाही. पण मुलांनी एका वाक्यात निकाल दिला : ‘ती यात्रा आहे, कॅम्प नाही.’ मला ते पटले. तीर्थाला तीर्थाच्या भावनेने जावे. तंबू ठोकण्यासाठी निमित्त म्हणून जाऊ नये.

दुसरी सूचना गंगापूर धरणाच्या फुगवट्याची. घरापासून अर्ध्या तासावर, पाणी, मोकळी हवा, सारे काही. माझ्या कागदावर याच जागेला सर्वांत कमी गुण मिळाले, ते ती जवळ असल्यामुळे. आमचे वडीलवर्ग मी ओळखतो. दुपारी एखाद्या ग्राहकाचा फोन आला, की ‘तासाभरात जाऊन येतो’ म्हणून गाडी काढणारे किमान पाच निघतील. मुक्कामाची जागा इतकी दूर हवी की परत फिरणे जिवावर यावे, आणि इतकी दूर नको की आजारी मुलाला रात्री खाली आणता येऊ नये. घोटीमार्गे भंडारदरा या मापात बरोबर बसत होते.

तारीख मी आधी ठरवली, जागा नंतर. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मुलांना सुट्टी असते खरी, पण त्या दिवसांत भंडारदऱ्याच्या काठावर वर्षअखेरीची जत्रा भरते. मेअखेरीस काजवे दिसतात म्हणून अलीकडे तिकडे झुंडी लोटतात. अंधारात हजारो पावलांखाली त्या इवल्या जिवांचे काय होत असेल या विचाराने तो बेत मी चर्चेलाच घेतला नाही. जानेवारीतला दुसरा शनिवार-रविवार ठरला.

पाहणीला मी नातवाला बरोबर घेतले. हट्ट माझाच. जिथे त्याला राहायचे ती जागा त्याने पाहावी. कळसूबाईच्या पायथ्याचे बारी गाव मागे टाकून आम्ही शेंडीला पोहोचलो. भंडारदऱ्याचे विल्सन धरण इंग्रजांनी १९१० साली बांधायला घेतले आणि १९२६ साली पूर्ण केले. रतनगडावर उगम पावणारी प्रवरा इथे अडली आहे. काठाने तंबूंच्या रांगा आहेत. छायाचित्रांत त्या फार सुंदर दिसतात, आणि प्रत्यक्षातही सकाळच्या उन्हात दृश्य देखणेच होते.

पण गोदामाचे कुलूप उघडायला लावावे तसे एकेक विचारत गेलो. तंबू पाण्यापासून किती अंतरावर? जेमतेम पंधरा पावले. पावसाळ्यानंतर सिंचनाची आवर्तने सुटू लागली की पाणी हळूहळू मागे सरते आणि काठावर गाळ उघडा पडतो. वरून वाळलेला, आतून लोण्यासारखा. पोहता येणारा मुलगाही त्यात पाय रुतून घाबरतो. जीवरक्षक जाकिटे आहेत का, असे विचारल्यावर व्यवस्थापकाने एका खोलीतून दोन आणून दाखवली, त्यांपैकी एकीचा पट्टा तुटलेला. स्वयंपाक कुठे होतो? शाकाहार-मांसाहार एकाच ओट्यावर, कोळशाची जाळीही एकच. ‘तुमच्यासाठी फॉइल लावून देऊ ना, काका,’ तो म्हणाला. त्याच्या सौजन्याबद्दल तक्रार नाही. रात्री अकरापर्यंत गाणी वाजतात, हेही त्याने अभिमानाने सांगितले.

नातवाला मात्र ती जागा मनापासून आवडली होती. परत गाडीत बसल्यावर तो गप्प. मी नाही म्हणणार हे त्याने ओळखले होते. थोड्या वेळाने म्हणाला, ‘आजोबा, तुम्ही पाहायला आलात की नापास करायला?’ प्रश्न झोंबला, कारण खरा होता. मी कागद आणि पेन त्याच्या हातात दिले आणि पुढची जागा त्याने तपासावी असे सांगितले.

जलाशयाला वळसा घालून रस्ता दुसऱ्या टोकाला रतनवाडीला जातो. तिथे अमृतेश्वराचे प्राचीन, कोरीव दगडी मंदिर आहे, शेजारी पुष्करणी आणि मागे रतनगडाचा कडा. मोबाइलला कुठे एखादी रेघ, कुठे तीही नाही. गावातल्या एका घरासमोर सारवलेले मोठे अंगण आणि पलीकडे कापणी झालेले भाताचे खाचर होते. तंबू त्या खाचरात लागणार होते. पाणी दूर, उतार मंद, वारा घराच्या भिंतीने अडलेला. नातवाने पावलांनी अंतरे मोजली, विहिरीला कठडा आहे का ते पाहिले आणि मला कधीच सुचला नसता असा मुद्दा लिहिला : शौचालयाच्या दाराला आतून कडी नाही. ‘मुली येणार आहेत ना,’ तो म्हणाला. आठ वडिलांनी आणि एका सेवानिवृत्त अधिकाऱ्याने मिळून केलेल्या यादीत हा मुद्दा नव्हता. घरमालकांनी दोन दिवसांत कडी बसवून देतो म्हणून सांगितले आणि बसवलीही.

भोजनाची बोलणी घरच्या मावशींशी झाली. कांदा नको, लसूण नको, बटाटा नको, हे ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. ‘मग पिठल्याला चव कशाची येणार?’ हिरवी मिरची, जिरे आणि हिंग यांवर तडजोड झाली. भांडी आणि पाणी गाळण्याचे गरणे आम्ही आणणार, चूल त्यांची, भाकरी त्यांची, आणि भाजी चिरायची ती वडिलांनी व मुलांनी.

खरी अडचण सूर्याची निघाली. जानेवारीच्या मध्यावर आपल्याकडे सूर्यास्त सव्वासहाच्या सुमारास होतो. पण रतनवाडीत सूर्य त्याच्या कितीतरी आधी कड्याआड जातो. पंचांगातली वेळ धरायची की डोळ्यांना दिसणारी, यावर वडिलांच्या बैठकीत जितकी चर्चा झाली तितकी तंबूंच्या भाड्यावरही झाली नाही. शेवटी साडेपाचला सर्वांनी उठायचे असे ठरले. मग मुलांनी विचारले, की साडेपाचला जेवलो तर रात्री अकरापर्यंत करायचे काय? प्रश्न रास्त होता. जे चौविहार पाळतात त्यांचा प्रश्न सुटला, जे पाळत नाहीत त्यांच्यावर एका रात्रीसाठी तो लादावा का? आमच्यातल्या दोघांना तो लादावासा वाटत होता, मला नव्हता. अखेर जेवण सर्वांचे एकत्र आणि दिवसाउजेडी, त्यानंतर कुणी कुणाची पिशवी तपासायची नाही, असा ठराव झाला. दोन पिशव्यांत बिस्किटांचे पुडे होते असे नंतर कानावर आले. त्याबद्दल इथे अधिक लिहीत नाही.

शेकोटीचाही वाद झाला. हा सारा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा. जानेवारीत गवत वाळून कोळ झालेले असते, एक ठिणगी पुरते, आणि ज्वाळेवर झेपावणारे जीव वेगळेच. म्हणून उघडी शेकोटी नाही. अंगणातल्या चुलीत उरलेल्या निखाऱ्यांभोवती बसायचे. मुलांचा थोडा विरस झाला.

जागा निश्चित करून परतताना रतनगड बराच वेळ गाडीच्या आरशात दिसत राहिला. १९९६ सालच्या नाताळच्या सुट्टीत तेरा वर्षांच्या माझ्या मुलाला मी या गडावर न्यायचे कबूल केले होते. पाठपिशवी भरून तयार होती. आदल्या दिवशी शाखेला अचानक तपासणी लागली आणि मी गेलो नाही. पुढच्या वर्षी बदली झाली. त्याने पुन्हा कधी विचारले नाही आणि मीही विषय काढला नाही. जागा सुचवताना त्याने भंडारदऱ्याचेच नाव का घेतले असावे, हे मी त्याला विचारलेले नाही.

ठरल्या शनिवारी पहाटे एकोणीस जण निघाले. मी दारापर्यंत पोहोचवायला गेलो आणि रात्री दोनदा फोन लावला, लागला नाही. लागू नये अशीच जागा मी निवडली होती, तरी झोप आली नाही.

रविवारी संध्याकाळी मंडळी परतली. सर्वांचा वृत्तांत ऐकला. पिठले उत्तम, थंडी अपेक्षेपेक्षा जास्त. पांघरुणे कमी पडली. ती चूक माझ्या यादीची, पुढच्या खेपेला माणशी दोन लिहावीत. भाजी चिरताना एका वडिलांचे बोट कापले आणि त्यांच्या मुलीनेच पट्टी बांधली. एका तंबूचा खुंटा मध्यरात्री निघाला. माझ्या मुलाने जाता जाता सांगितले, की पहाटे चारला थंडीने जाग आली, बाहेर आलो तर हा आधीच निखाऱ्यांपाशी बसलेला होता. मग उजाडेपर्यंत दोघे तिथेच बसलो.

‘काय बोललात?’ मी विचारले.

‘विशेष काही नाही.’

नातवाला रात्री वेगळे गाठून हाच प्रश्न केला. तो माझा पाहणीचा कागद परत द्यायला आला होता. त्यावर त्याने मागच्या बाजूला पेन्सिलीने रतनगडाच्या वाटेचा नकाशा काढून आणला होता, मावशींच्या घरापासून वरपर्यंत, पाण्याच्या टाक्यांच्या खुणांसह.

‘काही नाही,’ तो म्हणाला. ‘बाबा तुमच्याबद्दल सांगत होते.’