नायकाचे नाव काय लिहावे?

आमच्या लेखनात आजवर पाट्या, शाळा, सातबारे आणि मतदारयाद्या यांखेरीज फारसे काही आलेले नाही. व्हिडिओ गेमविषयी लिहिताना म्हणूनच थोडा संकोच होतो. परंतु गेल्या पावसाळ्यात जोयड्यातील आमच्या घरी जे घडले, ते आम्हांस भाषेचेच प्रकरण वाटते.

अमेरिकेतून आलेल्या आमच्या भाच्याने निन्टेन्डोचे एक जुने यंत्र आणि 'ड्रॅगन वॉरियर' या खेळाची कॅसेट आणली होती. हा मूळ जपानी खेळ. युजी होरी यांनी रचिलेला 'ड्रॅगन क्वेस्ट' मे १९८६ मध्ये जपानात निघाला आणि १९८९ मध्ये नाव पालटून अमेरिकेत गेला. आपल्याकडे त्या सुमारास व नंतर शहरांतून जी नकली यंत्रे विकली जात, त्यांत मारिओ असे, कॉन्ट्रा असे, बदके टिपण्याचा खेळ असे. या जातीचा खेळ आम्हांस तरी कधी आढळला नाही. कारण उघड आहे. उडी मारण्यास आणि गोळी झाडण्यास वाचावे लागत नाही. या खेळात मात्र वाचल्यावाचून पाऊल टाकता येत नाही.

पुतणी अकरा वर्षांची, वैदेही. शाळा कानडी माध्यमाची, घरात मराठी, शेजारच्या कुणबी वाड्यावर कोंकणी. देवनागरी वाचते ती शाळेतल्या हिंदीच्या पुण्याईने. खेळ सुरू होताच त्याने पहिला प्रश्न विचारला तो नावाचा. जागा आठ रोमन अक्षरांची. तिने व्ही, ए, आय, डी असा आरंभ करून घरातले नाव लिहिले.

मग राजाचा दरबार. राजा कामगिरी सांगतो आणि दार बंद! तीन पेटारे उघडावे, त्यांतून १२० सुवर्णनाणी, एक मशाल व एक किल्ली घ्यावी, किल्लीने दार उघडावे आणि जिना उतरावा. हे सारे आठ आज्ञांच्या एका चौकटीतून करावयाचे. जिन्यावर नुसते उभे राहून चालत नाही, 'जिना' अशी आज्ञा निवडावी लागते. भाच्याला याचे हसू आले. आम्हांला ते आवडले. क्रियेला शब्द दिल्यावाचून क्रिया होत नाही, असा हा दंडक आहे.

आम्ही वही काढली आणि त्या आठ आज्ञा मराठीत लिहावयास बसलो. पाचच मिनिटांचे काम, अशी आमची समजूत. पहिल्याच शब्दावर अडलो. 'बोल' लिहावे, 'बोला' लिहावे, 'बोलावे' की 'बोलणे'? इंग्रजीत धातू तसाच ठेवला की आज्ञा होते. मराठीत आज्ञा कोण कोणास करतो हे ठरवावे लागते. खेळणारा नायकाला सांगतो आहे, की यंत्राला? आम्ही 'बोलणे, शोधणे, घेणे' अशी सरकारी अर्जासारखी रूपे लिहिली. वैदेहीने ती वाचून नाक मुरडले.

राजाच्या तोंडी अमेरिकन भाषांतरकारांनी जुन्या वळणाची इंग्रजी घातली आहे. त्यातला 'दाउ' म्हणजे काय, असे तिने विचारले. आम्ही सांगितले की इंग्रजीतही कधीकाळी आपल्यासारखे 'तू' आणि 'तुम्ही' होते. 'दाउ' हा त्यांतला 'तू'. वापरातून गेला आणि जुना म्हणून भारदस्त झाला. ती म्हणाली, "म्हणजे देवाला आपण 'तू' म्हणतो तसे?" अगदी तसे नव्हे, पण आम्ही होकार दिला.

गावात जाऊन तिने ६० नाण्यांचा सोटा घेतला, कारण तांब्याची तलवार १८० ची. नवख्याने या खेळात किल्ल्याच्या आसपासच राहावे. पूल ओलांडला की शत्रू बळावतात. जीव उणावला की सहा नाणी देऊन धर्मशाळेत निजावे. सात अनुभवगुण जमले की दुसरी पायरी चढता येते. मेला तरी नायक संपत नाही. अर्धी नाणी जातात, शिकलेले राहते.

ती दुसरीवर चढली आणि वीज गेली. ज्या काळी नदीच्या पाण्यावर वीज होते, जिच्या धरणाखाली आमचे सुपा गाव बुडाले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्यास आणावे लागले, त्या नदीकाठची ही गोष्ट, असो. सकाळी पाहतो तो कॅसेटमधली बॅटरी संपलेली. राजाने 'नोंद केली' म्हटले होते, पण नोंद कोठेच नव्हती. असा अनुभव सीमाभागात नवा नाही.

पुन्हा नाव विचारले गेले. या वेळी तिने शाळेच्या दाखल्यावरचे लिहिले: व्ही, वाय, डी, ई... दक्षिणेकडे 'ऐ' असा लिहितात. दरबारात उतरल्यावर तिने बळाचा आकडा पाहिला आणि ओरडली, "काका, हा कालच्याहून एकाने जास्त आहे!" भाच्याने खुलासा केला. या खेळात नावाच्या पहिल्या चार अक्षरांवरून नायकाची ताकद आणि तिची वाढ ठरते. यंत्र अक्षरांचे अंक करून त्यांची बेरीज घेते, इतकेच.

"मग शाळेतले नावच बरे," ती म्हणाली.

आम्ही चाळीस वर्षे नावांसाठी भांडत आलो आहोत. त्या क्षणी आम्हांस उत्तर सुचले नाही. बेरजेला भाषा कळत नाही, हे तिला सांगता आले असते. पण दाखल्यावरचे नाव पुढे कामास येते, हे तिने खेळाबाहेरही पाहिले आहेच.

मागाहून आम्हांला मूळ जपानी खेळाची एक हकीकत आठवली. त्या कॅसेटमध्ये जागा अवघी ६४ किलोबाइट. काताकाना लिपीची सगळी अक्षरे मावेनात, म्हणून होरी यांनी वीसेक निवडली आणि राक्षसांची नावे तेवढ्यांतच बसविली. लिपी तोकडी पडली म्हणून त्यांनी खेळ इंग्रजीत काढला नाही. आमची मराठी ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात ठरली, पण आठ आज्ञांची एक चौकट तिच्यात कोणी करून ठेवलेली आम्ही पाहिली नाही. दोष इतरांवर ढकलण्याजोगा नाही. ती आम्हीही केली नव्हती.

यंत्र आता बंद करावयाचे नाही, असे घरात ठरले आहे. वीज जाईल तेव्हा जाईल. वही वैदेहीकडे आहे. काल उघडून पाहिली. आमची 'णे'कारान्त रूपे तिने खोडली आहेत. 'शोध', 'घे', 'जिना', 'दार' असे स्वच्छ देवनागरीत लिहिले आहे. 'बोलणे'च्या जागी मात्र 'उलय' आहे, शेजारच्या वाड्यावरचे. आमच्या चळवळीतील काही मित्रांना ते रुचणार नाही. आम्ही पेन्सिल हाती घेतली होती. ती खाली ठेवली.