कोंग्वाचा भुईमूग

भुईमुगाचं फूल पिवळं, इवलंसं. खरी करामत पुढची. फूल सुकलं की आऱ्या सुटतात, खाली वाकून मातीत शिरतात आणि शेंग धरते ती तिथे, अंधारात. म्हणून या पिकाला रान भुसभुशीत लागतं, हे आपल्याकडे खुरपायला जाणारी कुठलीही बाई सांगेल. टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियात, कोंग्वाच्या गोगो लोकांनीही आपल्या मातीबद्दल आणि बेभरवशाच्या पावसाबद्दल पुष्कळ सांगितलं असतं. पण विचारतो कोण?

महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये खाद्यतेलाचा तुटवडा होता. मजूर पक्षाच्या सरकारनं ठरवलं, आफ्रिकेत बत्तीस लाख एकरांवर भुईमूग पेरायचा. जमिनीची पाहणी बरीचशी विमानातूनच उरकली आणि 1947 मध्ये काम सुरू झालं. ट्रॅक्टर पुरेनात, तेव्हा शर्मन रणगाड्यांचे ट्रॅक्टर केले. दोन बुलडोझरांमध्ये जहाजाच्या नांगराची साखळी ताणून झुडपं आडवी केली. गोरखचिंचा मात्र दाद देईनात. त्यांच्या पोकळ बुंध्यांतल्या मधमाश्या कामगारांच्या अंगावर यायच्या. (साम्राज्याला मधमाश्यांनी पळवावं, हे मला मनापासून आवडतं.) एवढं करून पेरलं, तर पावसानं ओढ दिली. चिकणमाती उन्हानं विटेसारखी भाजून निघाली आणि शेंगा आतच अडकल्या. 1951 मध्ये गाशा गुंडाळला तेव्हा साडेतीन कोटी पौंडांहून अधिक रक्कम बुडीत निघाली होती. बियाणं म्हणून आणलेले दाणेसुद्धा पिकातून परत मिळाले नव्हते.

1961 मध्ये देश स्वतंत्र झाला. त्याचे नेते ज्यूलियस न्येरेरे हाडाचे शिक्षक. लोक त्यांना ‘म्वालिमू’, गुरुजी म्हणत. माणूस साधा, सचोटीचा. तरीही सत्तरच्या दशकात त्यांच्या सरकारनं लाखो शेतकऱ्यांना उठवून, अनेकदा जबरदस्तीनं, आखलेल्या गावांत वसवलं. आपल्या माणसानं केलं म्हणून ते कमी जाचक ठरत नाही.

कोंग्वाच्या ओसाड तळावर साठच्या दशकात भलतंच पीक आलं. मोझांबिक, दक्षिण आफ्रिका, नामिबिया इथल्या मुक्तिसैनिकांच्या छावण्या तिथे पडल्या. आणि भुईमूग न्यायला दक्षिणेत बांधलेल्या म्ट्वारा बंदरातून आता काजू जातो. गोव्यासारखाच तिथेही काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला. छोट्या शेतकऱ्यांनी तो रेताड जमिनीत वाढवला. फोडायला मात्र त्यातला बराचसा आजही जहाजानं भारतात येतो.